मांजरं-कुत्री असलेल्यांना फ्लॅट विकायचा की नाही? आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी, ए-१०२:
सर्वांना नमस्कार. बी-३०२ विक्रीला आहे हे माहीत आहेच. काल एजंटचा फोन होता. जे कुटुंब घ्यायला उत्सुक आहे त्यांच्याकडे एक कुत्रं आणि दोन मांजरं आहेत. काही सभासदांचं म्हणणं पडलं की अशांना ना-हरकत देऊ नये. मतं इथे मांडा, रविवारी कमिटीत विषय घेतो.

ए-२०३:
माझा विरोध आहे. प्राण्यांशी माझं वैर नाही. पण आपल्याकडे लिफ्ट नाही आणि जिना केवढासा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. मागे एका भाडेकरूंचं कुत्रं पट्टा सोडवून खाली धावत आलं होतं. मी कठडा धरून उभी राहिले, हातातली दुधाची पिशवी पडून फुटली. माझे गुडघे असे, मी कुठे पळणार?

बी-२०२:
मी स्पष्टच लिहितो, बी-३०२ च्या ताईंनी राग मानू नये. रात्री अडीच-तीनला वरून नखांचा टकटक आवाज येतो. आई उठून बसते. त्यांचं एक कुत्रं चाललंय, आता तीन-तीन जनावरं येणार.

बी-३०१:
माझा पाठिंबा आहे. शेजार माझा आहे, मला चालेल.

ए-१०४:
ठराव करून टाका. बहुमताने पास झाला की विषय संपला.

सी-१०१:
सहकार खात्यात माझी नोकरी झाली म्हणून लिहितो. असा ठराव टिकणार नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वसाधारण सभेत बहुमत असलं तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, त्यांच्या नावाने जादा आकार लावता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अपार्टमेंटमधल्या अशा बंदीच्या अटी बेकायदा ठरवल्या. तो निकाल आपल्यावर थेट बंधनकारक नाही, पण कोर्टात दाखवला जाईलच.

दुसरं, फ्लॅटच्या हस्तांतरणाला आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सोसायटीची ना-हरकत लागतच नाही. कर्जासाठी बँक मागते म्हणून आपण देतो. सभासदत्वाच्या अर्जावर ३ महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे पुरेसं कारण असल्याशिवाय नाकारता येत नाही. "मांजर आहे" हे कारण सहकार खात्याच्या निबंधकांपुढे नेऊन बघा.

ए-२०३:
म्हणजे आम्ही घाबरूनच राहायचं का?

सी-१०१:
अजिबात नाही, वहिनी. बंदी घालता येत नाही, शिस्त लावता येते. जिन्यात आणि आवारात साखळी, घाण मालकाने उचलायची, रेबीजची लस, महापालिकेचा परवाना, हे सगळं आपण मागू शकतो. आणि निष्काळजीपणाने जनावरापासून कुणाला इजा होऊ दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा तुमच्याही बाजूने आहे.

बी-३०२:
सकाळपासून वाचतेय. आज आमच्या कुत्र्याला, बाळूला, डॉक्टरांकडे न्यायचं होतं म्हणून उशीर झाला. जरा मोठं लिहिते, सांभाळून घ्या.

आधी बी-२०२ दादांना. तो आवाज बाळूच्या नखांचाच. तो १२ वर्षांचा झालाय, मागचे पाय खुब्यातून गेलेत. रात्री उठायला बघतो आणि गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. पुन्हा उठतो, पुन्हा घसरतो. गेल्या महिन्यात हॉलमध्ये रबरी मॅट टाकल्या, पण तो नेमका स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन झोपतो. तुमच्या आईंची झोप मोडली, त्याबद्दल मनापासून माफ करा. मला आधीच सांगायला हवं होतंत.

आम्ही घर विकतोय तेही त्याच्यामुळेच. ५४ पायऱ्या आहेत. जुन्या चादरीची झोळी त्याच्या पोटाखालून घालून मी पुढे आणि हे मागे, असं ३२ किलोचं ओझं दिवसातून चार वेळा खाली-वर नेतो. पुढच्या पावसाळ्यात ते जमणार नाही. कुत्र्यासाठी घर विकतं का कुणी, असं माहेरीसुद्धा ऐकलं. विकतं. आम्ही विकतोय.

नवीन घर शोधताना काय झालं तेही सांगते, म्हणजे त्या कुटुंबाला आत्ता काय वाटत असेल ते कळेल. एका सोसायटीत सगळं जमलं, ५० हजार इसार दिला. साठेखताच्या चार दिवस आधी तिथल्या कमिटीने कागद पुढे केला: यापुढे घरात पाळीव प्राणी ठेवणार नाही, सही करा. एजंट हळूच म्हणाला, "करून टाका हो, नंतर कोण बघतंय." सही करून रोज जिन्यात चोरासारखं वावरायचं हे मला जमलं नसतं. सोडून दिलं. इसारातले २५ हजार परत मिळालेच नाहीत.

त्यानंतर पद्धत बदलली. पहिल्याच फोनवर सांगायचं, कुत्रा आहे, मोठा आहे, म्हातारा आहे. निम्मे फोन तिथेच संपायचे, बरंच व्हायचं. उरलेल्यांकडे उपविधींची प्रत आणि मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मागायचं, कारण उपविधीत नसलेली बंदी इतिवृत्तात सापडते. मग संध्याकाळी सातला बाळूला घेऊन गेटवर जायचं. वॉचमन कसा बघतो, मुलं खेळत असतात तिथून वाट काढता येते का, खालच्या मजल्यावरचे काय म्हणतात, हे सकाळी अकराला एजंटबरोबर गेल्यावर कळत नाही. आणि इसारपावतीत ओळ घालून घ्यायची की सोसायटीने प्राण्यावरून अडवलं तर पूर्ण रक्कम परत. आत्ताचं घर असंच मिळालं. पहिला मजला, लिफ्ट आहे, बाथरूमला खरखरीत फरशी आहे.

सी-१०१:
इसारपावतीतली ती ओळ फार महत्त्वाची. सगळ्यांनी लक्षात ठेवा.

बी-३०१:
ताई, विकताना काय अडचण आली? माझ्या बहिणीकडे मांजरं आहेत, तिलाही फ्लॅट काढायचाय.

बी-३०२:
वास. आपल्याला येत नाही, कारण आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. पहिलं जोडपं आलं तेव्हा बाईंनी उंबऱ्यातच पदर नाकाला लावला आणि पाच मिनिटांत निघाले. मला रडू आलं. मग धाकट्या जावेला बोलावलं, तिच्याकडे प्राणी नाहीत. ती खोलीखोलीतून हुंगत फिरली आणि म्हणाली, सोफा आणि हॉलचे पडदे. सोफ्याचं कापड बदललं, पडदे काढून टाकले.

बहिणीला सांग, मांजराच्या मुताचा वास नुसत्या साबणाने जात नाही. त्यातले युरिक ॲसिडचे कण फरशीच्या सांध्यात राहतात आणि पावसाळी हवेत वास पुन्हा उठतो. त्यासाठी एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते ओतून मुरू द्यायचं, लगेच पुसायचं नाही. आणि नवीन घर ताब्यात घेताना काळ्या फिनेलने पुसून घेऊ नको म्हणावं. मांजराच्या यकृताला त्यातलं फिनॉल झेपत नाही. फरशीवरून पंजाला लागतं आणि ती पंजे चाटतात. खिडक्यांना जाळी बसल्याशिवाय मांजरं न्यायचीच नाहीत. नेल्यावर सुरुवातीला एकाच खोलीत ठेवायची, ओळखीच्या वासाची चादर तिथे टाकायची.

बेडरूमचं दार खालून बाळूने पिल्लू असताना ओरबाडलंय. सुतार म्हणाला लॅमिनेट चिकटवू, कळणार नाही. मी तसंच ठेवलं आणि घेणाऱ्यांना दाखवलं. त्या बाई खाली बसल्या, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडे पण असंच दार आहे." म्हणून मला हे कुटुंब हवंय. त्यांनीही पहिल्या फोनवरच सगळं सांगितलं होतं. लपवलं असतं तर आज ही चर्चाच झाली नसती.

ए-२०३:
बाळूला मी कधी घाबरले नाही. तो बाजूला उभा राहतो. त्यांचा कुत्रा कसा आहे?

बी-३०२:
काकू, मी पाहिलेला नाही. रविवारी ११ वाजता ते कुत्र्यालाही घेऊन येतायत, मीच आणा म्हटलं. तुम्ही तुमच्या दारातूनच बघा, जवळ यायची गरज नाही. जिन्यात साखळी आखूड धरायची आणि वर-खाली करताना आधी आवाज द्यायचा, हे मी त्यांच्याकडून लिहून घेते.

ए-२०३:
आवाज द्यायचा हे बरं. मी दार लावून घेईन तेवढं.

ए-१०४:
लसीचे कागद आणि परवाना ग्रुपवर नको, कमिटीकडे द्या. बाकी माझी हरकत नाही.

सेक्रेटरी, ए-१०२:
ठीक. रविवारचा विषय बदलतो: 'पाळीव प्राण्यांसाठी नियम'. साखळी, स्वच्छता, लस, परवाना, जिन्यात आवाज देणे. सी-१०१ साहेब, मसुदा कराल का? नियम सध्याच्या आणि येणाऱ्या सगळ्यांना सारखे. बँकेसाठी लागणारं पत्र सोमवारी देतो.

सी-१०१:
करतो. हस्तांतरणाचा प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम, २५ हजारांच्या वर घेता येत नाही, तेही त्याच कागदात लिहून ठेवतो. दर वेळी वाद होतो.

बी-३०२:
सगळ्यांचे आभार. एक अडचण आहे. परका कुत्रा घरात आला तर बाळू उठायची धडपड करणार. तासभर त्याला कुठे ठेवू कळत नाही.

बी-२०२:
आमच्याकडे ठेवा ताई. एकच मजला उतरायचाय, झोळीचं एक टोक मी धरतो. गॅलरीत सतरंजी अंथरून ठेवतो, आमचीही फरशी घसरतेच.