आईची प्रेडनिसोलोन परस्पर बंद करू का?

आई ६८ वर्षांची. संधिवातासाठी रोज १० मिग्रॅ, तीन महिने झाले. आधी वेणीसुद्धा घालता येत नव्हती, आता पोळ्या लाटते! पण चेहरा गरगरीत गोल झालाय, उपाशीपोटी साखर १६०. शेजारच्या काकू म्हणतात, "स्टिरॉइड आहे, आजच बंद कर."

उत्तर १: अजिबात नको. इतके दिवस स्टिरॉइड बाहेरून मिळालं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवायला आळसावतात. एकदम थांबवलं तर बीपी कोसळू शकतं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील.

उत्तर २: आमच्या बाबांनी अशीच गोळी एकदम बंद केली. चौथ्या दिवशी उलट्या, मग थेट अ‍ॅडमिट. गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्या. हाडांसाठी कॅल्शियमचंही विचारा.

प्रश्नकर्ती: उद्याच रिपोर्ट घेऊन जाते. काकूंना काय सांगायचं ते बघते!