बॅकलॅशला तुमच्याकडे काय म्हणतात?

रेघोट्या: लालबागला एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत आम्ही तिघं शनिवारी पोरांना सीएनसी मिलिंग, म्हणजे संगणकाने चालवलेल्या कटरने कोरणं, शिकवतो. मशीन ३०१८, म्हणजे ३० बाय १८ सेंटिमीटरचं खेळणंच. त्याचं मराठी टिपण करतेय. 'बॅकलॅश कमी करा' हे अ‍ॅपला दिलं, तर उत्तर आलं 'जनक्षोभ शमवा'. पोरं अजून हसताहेत. स्क्रू उलटा फिरवला की स्क्रू आणि नटाच्या आट्यांमधली फट भरेपर्यंत टेबल हलतच नाही, त्याला शब्द हवाय. मी 'ढिलाई' लिहिलं. सहकारी म्हणतो, ढिलाई माणसात असते.

आटेदार: ताई, साकीनाक्याला लेथवर केस पांढरे केले. आम्ही 'प्ले' म्हणतो, नाहीतर 'लूज'. 'वाय अक्षाला किती प्ले आहे रे?' एवढंच.

शब्दवेडी: प्रतिशैथिल्य. अर्थ नेमका आहे.

आटेदार: हा शब्द बॉलस्क्रूपेक्षा महाग पडेल.

शब्दवेडी: दिनांक, महापौर हेही कधीतरी नवेच होते ना, काका?

आटेदार: ते तोंडात मावले.

गिरणगावकर: झोल! वडील गिरणीत साचेखात्यात, विणकामाला होते. सूत सैल पडलं की 'झोल आलाय' म्हणायचे. अस्सल मराठी शब्द, कोश उघडायची गरज नाही. मला तर वाटतं 'झुलणे'मधूनच आला असणार.

शब्दवेडी: झोल लोंबणाऱ्या वस्तूला पडतो. दोरीला, कापडाला. नट कुठे लोंबतो?

रेघोट्या: आणि पालकांना 'मशीनमध्ये झोल आहे' असं कळवलं तर फी परत मागतील.

खणनारळ: 'गाळा' का नको? दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा, तशी दोन आट्यांमधली.

आटेदार: मुंबईत 'गाळा किती?' विचारलं की उत्तर चौरस फुटात येतं. नावाचं नंतर बघा, आधी मोजा. टेबलाला डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं घड्याळ) लावा, एकाच दिशेने थोडं चालवून काटा शून्यावर आणा. त्याच दिशेने १ मिमी पुढे, मग १ मिमी मागे. काटा शून्यावर परत आला नाही तर जेवढा अलीकडे थांबला तेवढा प्ले. हे तीन ठिकाणी करा. स्क्रू मधे जास्त झिजतो, कारण काम बहुतेक मधेच होतं.

खणनारळ: सॉफ्टवेअरमध्ये आकडा भरला की झालं ना? लिनक्ससीएनसीमध्ये तशी सोय आहे.

आटेदार: यांच्या ३०१८ वर जीआरबीएल हे छोटं नियंत्रक सॉफ्टवेअर असणार, त्यात ती नाही. आणि असली तरी सॉफ्टवेअर फक्त दिशा बदलताना तेवढं जादा फिरवतं, फट तिथेच राहते. क्लाइंब कट, म्हणजे टेबल सरकतं त्याच दिशेने कटरचे दात कापतात तो काप, घेतला की कटरच टेबल ओढून घेतो, तिथे सॉफ्टवेअर काय करणार? स्प्रिंगवाला दुहेरी नट टाका. दोन नट एकमेकांपासून ढकललेले राहतात, आट्याच्या दोन्ही बाजू धरलेल्या. स्प्रिंग फार कडक केली तर मोटर स्टेप चुकवते, म्हणजे सांगितलं तेवढी फिरत नाही, तेही सांभाळा.

शब्दवेडी: 'भरपाई' चालेल का तिथे, कॉम्पेन्सेशनला?

गिरणगावकर: भरपाई गिरणी कामगारांना विचारा.

रेघोट्या: काल मोजलं. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, डायलचा मॅग्नेट स्टँड धरेना. शेवटी शेजारच्या काकूंचा बिडाचा तवा पालथा घालून त्यावर चिकटवला. वायला ०.१४ मिमी आला. मग डायल स्क्रूच्या टोकाला लावून टेबल हाताने ढकललं, तर स्क्रूच ०.०९ मागेपुढे सरकतोय! नट बिचारा उगाच बदनाम. चकत्या कापल्या की चार ठिकाणी पायरी का दिसते तेही कळलं, दिशा तिथेच बदलते. एका पोराने वहीत लिहिलंय : 'मशीनला १ सांगितलं, ते ०.८६ च गेलं आणि पूर्ण गेलो म्हणालं. थाप ०.१४.'

गिरणगावकर: थाप! ठरलं.

शब्दवेडी: काहीही ठरलेलं नाही. थाप तबल्यावरही पडते, भिंतीला गिलाव्याचीही असते. आणि थाप मारायला हेतू लागतो, मशीनला कुठला?

खणनारळ: तबल्याची थाप आणि ही थाप मुळात एकच असेल का? पाठीवर थाप मारून गोड बोलून फसवतात, त्यावरून?

शब्दवेडी: मला वाटतं दोन्ही वेगळ्या. 'थापाड्या' कधी तबलजीला म्हटलेलं ऐकलंय?

गिरणगावकर: आमच्या भजनी मंडळातला तबलजी ऐकला नाहीत तुम्ही.

आटेदार: तबला राहू द्या. ताई, स्क्रू सरकतोय म्हणजे मोटर आणि स्क्रूला जोडणारं कपलिंग बघा. स्प्रिंगसारखं कापलेलं असेल तर तेच ताणलं जातंय. दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगचे ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेले बारीक स्क्रू, आवळलेत का?

रेघोट्या: एकच आवळलेला होता, काका. दुसरा तव्यात सापडला.