सुट्टीत समर प्रोग्राम, इंटर्नशिप की व्हॉलंटियरिंग? मुलगी सोळा वर्षांची आहे

मधलीसुट्टी:
मंडळी, सल्ला हवाय. लेक सोळा वर्षांची, बायोलॉजीची आवड, म्हणजे डॉक्टरच व्हायचंय असं काही नाही पण किडे-मुंग्या बघत तासन्‌तास बसू शकते. सुट्टीत काहीतरी करायचंय म्हणतेय आणि मी शोधून शोधून थकलो. एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर दोन आठवड्यांचा 'रिसर्च प्रोग्राम' सापडला, फॉर्म भरला तर दुसऱ्याच दिवशी 'अभिनंदन, तुमची निवड झाली' असा मेल आणि खाली फीचा आकडा, तो बघून डोळेच फिरले. दुसरीकडे ओळखीतले एक जण म्हणतात ऑफिसात पाठवा, सर्टिफिकेट देऊन टाकू, पण काम काय ते विचारलं की विषय बदलतात. व्हॉलंटियरिंगचं तर कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. पुढे कॉलेजच्या अर्जात उपयोग व्हावा असंही वाटतं, खोटं कशाला बोलू.

रातकिडा:
दुसऱ्या दिवशी निवड झाली यातच उत्तर आलं की. निवड करायची म्हणजे कुणीतरी अर्ज वाचायला नको का? ज्यांना खरंच मुलं निवडायची असतात ते निबंध मागतात, शिक्षकांचं शिफारसपत्र मागतात, मग बसवतात वाट बघत. अमेरिकेतल्या एमआयटीत होणारा रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट म्हणजे आरएसआय घ्या, 1984 पासून चालू आहे, शाळेचं शेवटचं वर्ष बाकी असलेल्या मुलांसाठी, आणि शिकवायची-राहायची फी घेत नाहीत. तिथे शिरणं महाकठीण, मी काही तिथे अर्ज करा म्हणत नाहीये, फक्त फरक दाखवतोय. आणि कॅम्पसवर भरतो म्हणजे युनिव्हर्सिटीच चालवते असं नसतं, कित्येकदा बाहेरची कंपनी सुट्टीत रिकामे वर्ग आणि होस्टेल भाड्याने घेते. युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या साइटवर तो प्रोग्राम दिसतो का आणि शिकवणाऱ्याचं नाव आधी सांगतात का, एवढं बघा.

स्पष्टवक्ती:
रातकिडा यांच्याशी अर्धीच सहमत. फी आहे म्हणजे लुबाडणूक असं सरसकट नको. पोरीला तिच्यासारख्याच किडेवेड्या पोरांमध्ये राहायचं असेल, घरापासून लांब राहून बघायचं असेल आणि तुम्हाला परवडत असेल तर जाऊ दे ना, मजा येईल. फक्त त्याला कॅम्प म्हणा, रिसर्च म्हणू नका. दोन आठवड्यांत रिसर्च होत नसतो हो, तेवढ्यात धड प्रयोगाची मांडणीसुद्धा होत नाही.
ते ऑफिसवालं मात्र सोडा. काम नसताना मिळालेलं सर्टिफिकेट इंटरव्ह्यूला 'काय केलंस' या पहिल्याच प्रश्नाला झोपतं.

पाटीपेन्सिल:
मी एका संस्थेत व्हॉलंटियर लोकांचं बघते, म्हणून आमच्या बाजूने सांगते. सुट्टीत अचानक पोरं येतात आणि 'किती तासांचं पत्र द्याल' हा पहिला प्रश्न. नवीन माणसाला काम शिकवायलाच आमचे दोन-तीन आठवडे जातात, शिकून झालं की सुट्टी संपते, मग आम्हीही त्यांना खुर्च्या मांडायलाच ठेवतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदाच या पण वर्षभर या. जो पोरगा शाळा सुरू झाल्यावरही येत राहतो त्याच्यावर आपोआप जबाबदारी येते, नंतर शिफारसपत्र लिहायला बसलं की लिहायला काहीतरी असतं.
अजून एक, 'परदेशात जाऊन अनाथाश्रमात सेवा' वगैरे पॅकेज दिसलं तर लांब राहा. पोरांना माणसाचा लळा लागतो आणि पंधरा दिवसांनी ते माणूस गायब, मग पुढची बॅच. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात याचे धोके नोंदवलेत. लहान मुलांबरोबर कुठेही काम असेल आणि ती संस्था तुमची काहीच चौकशी न करता आत घेत असेल तर तिथे गडबड आहे असं समजा.

अर्धाकप:
मी आत्ता कॉलेजला आहे, शाळेत असताना प्रोफेसरांना मेल करून लॅबमध्ये जागा मिळवली होती त्यामुळे तेवढंच सांगतो. मेल मुलीनेच लिहायचा, बाबांनी नाही, बाबांचा मेल लगेच ओळखू येतो 😄 'मला विज्ञानाची प्रचंड आवड आहे' हे वाक्य सगळेच लिहितात, ते काढा. त्यांचा एखादा पेपर वाचून खरोखर पडलेला एक प्रश्न, तुला काय येतं (एक्सेलमध्ये डेटा भरता येतो एवढंही चालतं), आणि कधी कधी येऊ शकतेस, बस. आठ-दहा ओळी. बहुतेक जण उत्तर देत नाहीत, आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा आठवण करायची आणि पुढच्याकडे वळायचं. अठराच्या आत असल्यामुळे केमिकल किंवा जनावरं असलेल्या लॅबमध्ये अनेक ठिकाणी घेत नाहीत, विमा, सुरक्षेचे नियम वगैरे, त्यामुळे फोटो मोजणं, नमुन्यांवर लेबल लावणं, डेटा साफ करणं असलं काम मिळेल. कंटाळवाणं असतं पण लॅबच्या मीटिंगला बसायला मिळतं आणि खरी गंमत तिथे आहे, मोठमोठी माणसं एका ग्राफवरून तासभर भांडतात.

मधलीसुट्टी:
सगळ्यांचे आभार. कॅम्पस प्रोग्राम कॅन्सल, ऑफिसही कॅन्सल. पण प्रोफेसरांनी उत्तरच दिलं नाही तर सुट्टीभर काय करेल ही?

रातकिडा:
अहो किडे बघते ना? आयनॅचरलिस्ट नावाच्या साइटवर टाकायला लावा. फोटो, जागा, तारीख टाकायची, इतर लोक ओळखायला मदत करतात, नाव पक्कं झालं की ती नोंद जीबीआयएफ नावाच्या जागतिक डेटाबेसमध्ये जाऊ शकते आणि तिथून शास्त्रज्ञ वापरतात. फुकट आहे, निवड-बिवड काही नाही. झूनिव्हर्स नावाच्या साइटवर घरबसल्या जंगलातल्या कॅमेऱ्यांचे फोटो तपासायचे प्रकल्प असतात. त्यांची सुरुवात आकाशगंगांचे फोटो लोकांकडून तपासून घेणाऱ्या ज्या गॅलेक्सी झू प्रकल्पापासून झाली, तिथे 2007 मध्ये एका डच शाळाशिक्षिकेला फोटोतल्या एका आकाशगंगेजवळ एक विचित्र निळा ढग दिसला, तिने नुसतं 'हे काय आहे' विचारलं आणि आज तो तिच्या नावाने ओळखला जातो.

अर्धाकप:
+1. आणि एकच जागा धरून रोज बघ म्हणावं, एखादी भिंत, एखादं झाड, कुठला किडा किती वाजता येतो त्याची वही ठेव. प्रोफेसरांना मेल करताना त्या वहीच्या दोन पानांचा फोटो जोडला तर उत्तर यायची शक्यता वाढते. माझे सर म्हणायचे की मार्कशीट सगळेच पाठवतात, वही कुणी पाठवत नाही.

मधलीसुट्टी:
वही आहे तिच्याकडे! मला दाखवत नाही फक्त. विचारतो आज.