कुराणात बदली माणूस नाही

असं म्हटलं जातं की मुसलमानांच्या मते क्रूसावर येशूऐवजी दुसराच माणूस मेला. बहुतेकांची समजूत हीच, पण कुराणात (४:१५७) तो दुसरा माणूस कुठेच नाही. ईसांना (म्हणजे येशूला) मारलं नाही, क्रूसावर चढवलं नाही, लोकांना तसं भासलं, एवढंच आहे. बदली माणसाच्या कथा कुराणाच्या भाष्यकारांच्या, आणि त्यांच्यातल्याच फखरुद्दीन राझींनी (मृत्यू १२१०) या कथांवर शंका घेतल्या: असा चेहरा बदलू लागला तर डोळ्यांवर भरवसा कसा ठेवायचा? मला ही शंका फार मोलाची वाटते. दुसरीकडे टॅसिटस हा रोमन इतिहासकार, ख्रिस्ती नसूनही, रोमन सुभेदार पिलाताने येशूला देहदंड दिल्याचं लिहितो. माहीमला दर्गा आणि सेंट मायकल चर्च दोन्हींकडे जाणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं: येशू पुन्हा येणार, हे दोन्ही धर्मांत बहुतेकजण मानतात.