अनुभव धागा: लॉगच्या गणितानं तुम्हाला कुठं गाठलं?

धाकट्या भावाची सीईटी तोंडावर आलीय. गणिताचे 50 प्रश्न, 90 मिनिटं, आणि लॉग (लॉगॅरिदम) दिसला की हा पेन टेकवून बसतो. सूत्रं पुस्तकात आहेत, ती नकोत. तुमच्या चुका सांगा.
— विश्रामबाग, सांगली

माझी चूक अजून डोळ्यांसमोर आहे. सराव पेपरात होतं: लॉग क्ष + लॉग (क्ष − 2) = 3, पाया 2. दोन्ही लॉग एकत्र केले, क्ष² − 2क्ष − 8 = 0 आलं, उत्तरं 4 आणि −2. पर्यायांत "4 आणि −2" होतंच, दिलं ठोकून! सरांनी पेपर परत देताना नुसता −2 भोवती गोल काढला होता. ऋण संख्येचा लॉग नसतोच, आणि तोच घेऊन बसले होते मी. तेव्हापासून उत्तर आलं की आधी मूळ गणितात घालून बघते. पाच सेकंद जातात, जाऊ देत.
— तासगाव

अकरावीला शिकवायचो. निम्मी पोरं लॉग (2 + 3) फोडून लॉग 2 + लॉग 3 लिहायची. मी म्हणायचो, आकडे घाला की! 0.3010 आणि 0.4771 मिळून 0.7781, हा तर 6 चा लॉग. 5 चा 0.6990. एकदा आकडा दिसला की पुन्हा कोणी कंस फोडत नसे. निदान आठवडाभर तरी.
— मिरज

पाया 1 पेक्षा लहान असला की असमानतेचं चिन्ह उलटतं. मी विसरलो, दोन गुण गेले. बास.
— जत

मला तर केमिस्ट्रीत नडला. प्रॅक्टिकलला लॉग टेबल हाताशी असायचं, सीईटीला काहीच नाही. फर्स्ट ऑर्डर अभिक्रिया 99.9 टक्के पूर्ण व्हायला किती वेळ, असा प्रश्न. 2.303 घेऊन भागाकार करत बसलो. शेजारची मैत्रीण नंतर म्हणाली, "अरे, हजारावा भाग उरायचाय ना? दर अर्धायुष्यात उरलेलं निम्मं होतं, 2 चा दहावा घात 1024. दहा अर्धायुष्यं झाली की!" बसस्टँडवर चहा पिताना कळलं, पेपर सुटल्यावर.
— विटा

तासगावच्या ताईंचं गणित काल भावाला घातलं. 4 बरोबर आणलं. −2 का सोडलास विचारलं, तर म्हणतो, "सीईटीला एकच उत्तर असतंय की."
— विश्रामबाग