मदत हवी आहे: बिडाच्या स्किलेटमधला पीच कॉब्लर वरून खरपूस, खालून कच्चा

नमस्कार मंडळी, बेकिंग करणाऱ्यांनी जरा मदत करा प्लीज.

मी अमेरिकेतल्या जॉर्जियात राहते आणि सध्या इथे पीचचा ऐन सीझन आहे. फ्रीस्टोन पीच आलेत, म्हणजे बी अलगद सुटते, सीझनच्या सुरुवातीला मेमध्ये येतात त्या क्लिंगस्टोनचा गर बीला चिकटून असतो आणि फोडी नीट निघत नाहीत, त्यामुळे कॉब्लर (फळाच्या फोडींबरोबर पीठ भाजून केलेला गोड पदार्थ) करायचा तर आत्ताच. पुढच्या शनिवारी मराठी मंडळाचं पॉटलक आहे (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण), बऱ्याच घरी अंडं चालत नाही, आणि कॉब्लरला अंडं लागत नाही म्हणून मला तोच न्यायचाय. शिवाय इथला पदार्थ इथल्या फळाचा करून आपल्या लोकांना खायला घालावा असं मला फार मनापासून वाटतंय.

स्किलेट, म्हणजे दांड्याचा तवा, बिडाचा आहे, १० इंची. फळ साधारण ६ कप फोडी, अर्धा कप साखर, दीड टेबलस्पून कॉर्नस्टार्च, लिंबाचा रस, किंचित जायफळ. वरचं पीठ दीड कप मैदा, बेकिंग पावडर, थंड बटर आणि ताक, चमच्याने गोळे टाकते. ३७५ फॅरनहाइटला ४० मिनिटं.

होतं काय, की गोळे वरून मस्त सोनेरी होतात, सुरी घातली तरी वरच्या भागातून कोरडी येते, पण चमच्याने उचललं की खालची बाजू चिकट पांढरी, ओल्या कणकेसारखी. आणि रस पाणीदार. जास्त वेळ ठेवलं तर वरचं करपायला लागतं. कॉर्नस्टार्च वाढवला तर रस घट्ट होतो पण मग तो खळीसारखा लागतो आणि पीचची चवच मरते, तो उपाय मला नकोय. काचेच्या भांड्यात कर असंही सांगू नका प्लीज, कारण कडेला बिडामुळे जो खरपूस थर येतो तोच मला हवाय.

अजून एक, याच स्किलेटमध्ये मी एरवी फोडणीचे पदार्थ करते, तर लसणाचा वास लागेल का? आणि आंबट फळ बिडात चालतं का?

प्रतिसाद:
तुझं प्रमाण ठीक आहे गं, अडचण गार फळाची आहे. तू गार फोडींवर गोळे टाकतेस, वरून ओव्हनची कोरडी उष्णता लगेच लागते पण खाली फळ तापायलाच वेळ लागतो, बीड पण सावकाश तापतं, तोवर पीठ रसात नुसतं भिजत राहतं. म्हणून आधी फक्त फळ स्किलेटमध्ये शेगडीवर ठेव, कडेला चांगले बुडबुडे यायला लागले की वर गोळे टाक आणि लगेच ओव्हनमध्ये. ओव्हन ४०० ते ४२५. गोळे लहान कर आणि मध्ये फटी ठेव, पूर्ण झाकलंस की वाफ अडकते आणि खालची बाजू वाफवली जाते, भाजली जात नाही. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यात खुपस, २०० फॅरनहाइट आलं की झालं, रंगावर जाऊ नकोस.

रसाचं म्हणशील तर फोडींना साखर लावून अर्धा तास ठेव, सुटलेला रस वेगळ्या पातेल्यात आटव आणि परत फळात घाल. चव घट्ट होते, स्टार्च वाढवावा लागत नाही. स्टार्च मात्र खळखळून उकळी आल्याशिवाय नीट धरत नाही, नुसतं गरम होऊन उपयोग नाही. आणि काढल्यावर निदान अर्धा तास हात लावू नकोस, गरम असताना रस पातळच दिसतो.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. वासासाठी रिकामा स्किलेट ४०० ला १०-१५ मिनिटं तापवून घ्या, बराचसा जातो. आंबट फळ तासभर चालतं, सीझनिंग (तेल तापवून बिडावर बसवलेला थर) नीट बसलेलं असेल तर काही होत नाही, फक्त उरलेलं रात्रभर त्यात ठेवू नका, लोखंडाची चव उतरते आणि सीझनिंगही निघतं. ६ कप फळ १० इंचीत काठोकाठ होतं, खाली ट्रे ठेवा नाहीतर साखर ओव्हनच्या तळाला जळते.

गोळ्यांची कटकट नको असेल तर अमेरिकेच्या दक्षिणेकडची दुसरी पद्धत करून बघा. स्किलेटमध्ये अर्धा कप बटर ओव्हनमध्येच वितळवायचं, त्यावर १ कप मैदा, १ कप साखर, १ कप दूध, २ टीस्पून बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ असं सरबरीत पीठ ओतायचं, वर फोडी पसरायच्या, आणि अजिबात ढवळायचं नाही. ३५० ला ४५-५० मिनिटं. पीठ आपोआप फळांच्या वर फुगून येतं आणि कडा बटरमध्ये तळल्यासारख्या कुरकुरीत होतात, माझ्या मते बिडाचं खरं सुख याच पद्धतीत आहे. यातही अंडं नाही.

प्रतिसाद:
पुण्यातून विचारते, माझ्याकडे ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे, त्यात होईल का? इथे पीच आणि आलुबुखार दोन्ही मिळतायत.

प्रतिसाद:
होईल, पण आधी स्किलेट दांड्यासकट आत मावतो का बघा, १० इंची तव्याला दांडा धरून १५ इंचाच्या वर जागा लागते. नाहीतर दोन कानांची लहान बिडाची कढई घ्या. ओटीजीत वरची कॉइल जवळ असते, खालच्या रॅकवर ठेवा. आलुबुखार जास्त आंबट असतात, साखर थोडी वाढवा.

धागाकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आज फळ आधी उकळून केला, खालची बाजू पूर्ण शिजली, आत छान पदर सुटलेत, आणि आटवलेल्या रसामुळे पीच अगदी पीचसारखाच लागतोय. पॉटलकला हाच नेणार, सरबरीत पिठाचा घरी करून बघेन. शेवटचा प्रश्न, हॉल पाऊण तासावर आहे, फॉइल लावून नेऊ का?

प्रतिसाद:
घट्ट लावू नकोस, वाफ धरून वरचं मऊ पडेल. पूर्ण निवू दे, वर स्वच्छ कापड टाकून ने, तिथे ओव्हन असेल तर ३०० ला १५ मिनिटं. व्हॅनिला आइस्क्रीम विसरू नकोस.