उत्तर: वैद्यांची दोन महावीर चक्रं

‘एकाच माणसाला महावीर चक्र दोनदा कसं मिळेल, छापताना चूक झाली असणार’ असं एकाने लिहिलेलं वाचलं. चूक नाही. माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्यांना ते खरंच दोनदा मिळालं. दुसऱ्या वेळी नवं पदक देत नाहीत, त्याच पांढऱ्या-केशरी फितीवर आडवी पट्टी चढते. पहिलं १९६५चं, पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईचं. तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल, डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे प्रमुख. हाताशी जुने शर्मन रणगाडे आणि समोर पाकिस्तानचे नवे पॅटन रणगाडे! दुसरं १९७१चं, पाकिस्तानातल्या शकरगढ भागातलं, ब्रिगेडियर म्हणून रणगाड्यांची ब्रिगेड हाताखाली असताना.

यातलं दुसरं मला जास्त मोठं वाटतं. आमचे वडील नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात तयार झालेले, ७१ला त्याच भागात होते. रणगाडेवाल्यांचं कौतुक तोफखान्यातला माणूस सहसा करत नाही, पण तिथल्या बसंतर नदीवरच्या लढाईचा विषय निघाला की ते सुरुंगांवर येत. पुढे सुरुंग पेरलेले, वाट पुरती मोकळी झालेली नाही, आणि तरी वैद्यांनी रणगाडे आत घातले. पलीकडे पायदळ एकटं पडलं होतं ना. परमवीर चक्रवाल्या अरुण खेतरपालांची पूना हॉर्स रेजिमेंट वैद्यांच्याच ब्रिगेडमधली.